परदेशवारीचा ई-व्हिसा : अर्ज आपला आपण भरूया

पापडाचं पीठ भिजवून, जनावरांचं वैरणपाणी आटोपून रेडिओ लावून बसलेल्या सगळ्याजणींना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आमच्या गटातल्या सातजणी व्हिएतनामला जाऊन आल्या, हे तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी ऐकलं असेल. आल्यापासून विमान कसं वाटलं, जेवणाचं काय केलं, असले प्रश्न रोज येतात. पण एक प्रश्न सगळ्यात जास्त आला. "व्हिसा कसा काढला गं? एजंटाला किती दिले?" आम्ही सांगतो, एजंट नव्हता, अर्ज आम्हीच भरला. मग समोरची बाई विश्वास ठेवत नाही. म्हणून आज त्याच अर्जाबद्दल बोलायचं ठरवलं. आमची एक मोठी चूक झाली, तीही सांगणार आहोत. ती ऐकली तर तुमचे पैसे वाचतील आणि रात्रीची झोपही.

आधी पैशांचं सांगतो, कारण ते विचारल्याशिवाय तुम्ही पुढचं ऐकणार नाही. गटाच्या कर्जाच्या पैशाला आम्ही हात लावला नाही. प्रवासाची वेगळी ठेव केली. दरमहा १५०० रुपये, चार वर्षं. शिवणकाम, दूध, पापड-कुरडया, ज्याचं त्यातून ज्यानं त्यानं भरलं. व्हिएतनामच का? तर तिथे मी सन नावाच्या ठिकाणी महादेवाची जुनी देवळं आहेत. चंपा राज्याच्या राजांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेली, लाल विटांची. १९९९ साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीचं काम करत होती, तेव्हा २०२० साली जमिनीतून एक अखंड दगडी शिवलिंग निघालं. ही बातमी आक्कांनी ऐकली आणि म्हणाल्या, "काशी झाली, आता हा महादेव बघायचा." आक्का आमच्या गटात सगळ्यात थोरल्या, साठी ओलांडलेल्या. त्यांनी म्हटलं की आमचं ठरतं.

आता व्हिसा म्हणजे काय ते पाहू. पासपोर्ट आपलं सरकार देतं. ही बाई भारताची आहे, असं तो सांगतो. व्हिसा देतं ते ज्या देशात आपण जाणार तिथलं सरकार. आमच्याकडे या, इतके दिवस राहा, अशी ती परवानगी. पूर्वी त्यासाठी पासपोर्ट वकिलातीत द्यायचा आणि शिक्का मारून परत येईपर्यंत वाट पाहायची. आता कितीतरी देश ही परवानगी इंटरनेटवर देतात. अर्ज मोबाइलवर भरायचा, फी कार्डानं भरायची, आणि परवानगीचा कागद आपणच छापून घ्यायचा. त्याला ई-व्हिसा म्हणतात. व्हिएतनामनं १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्याच देशांच्या लोकांना ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा द्यायला सुरुवात केली. आपल्या स्वातंत्र्यदिनाची तारीख, त्यामुळे आमच्या लक्षात राहिली.

पण व्हिसाच्या आधी पासपोर्ट. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, आणि तो दहा वर्षं चालतो. आता बऱ्याच ठिकाणी टपाल कार्यालयातही पासपोर्टचं काम होतं, त्यामुळे दर वेळी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. पोलीस चौकशीला घरी येतात किंवा ठाण्यात बोलावतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पत्ता बरोबर असला की झालं.

दहावी न झालेल्या बायकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. आमच्या दोघींच्या पासपोर्टवर आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं, "तुम्हाला परदेशात जाता येणार नाही." हे खोटं आहे. तो शेरा ठराविक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आहे. आठ-दहा दिवस फिरायला जाणारीला त्याची अडचण नाही. कुणी ही भीती घालून पैसे मागितले तर देऊ नका.

आता पासपोर्टवरच्या नावाकडे या. आपल्याकडे बाईची नावं किती असतात बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण पासपोर्टवर जे आहे, तेच तिकिटावर आणि तेच व्हिसावर हवं. नवऱ्याचं नाव दत्तात्रय असेल तर इंग्रजीत शेवटी 'वाय' आहे की 'वाय ए', हे पाठ आहे म्हणून लिहू नका, पासपोर्ट उघडून बघा. फोटोच्या पानावर अगदी खाली बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. मशीन त्या वाचतं. तिथलं नाव ते खरं. अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. आपलं नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र येतं. पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी राहिली असेल, तर ती आधी दुरुस्त करून घ्या. काही देश एकाच नावाचा पासपोर्ट चालवून घेत नाहीत.

पासपोर्ट हातात आल्यावर आम्ही अर्जाला बसलो. आणि पहिल्याच पायरीवर ठेच लागली.

आमच्या शिवणकामवाल्या वहिनींच्या भाच्यानं मोबाइलवर 'व्हिएतनाम व्हिसा' असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. त्यावर झेंडा होता, शिक्का होता, सगळं सरकारी दिसत होतं. त्यानं वहिनींचा अर्ज भरून टाकला. पैसे कापले गेले साडेसहा हजार. नंतर आम्ही खरी फी पाहिली. एकदाच प्रवेशाच्या व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर, आणि पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. २५ डॉलर म्हणजे डॉलरच्या भावाप्रमाणे बावीसशे-तेवीसशे रुपये. वरचे चार हजार त्या मधल्या दुकानदाराचे. ते पान खासगी दलालाचं होतं. खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. व्हिसा आला, पण चार हजार गेले ते गेलेच. चार हजारांत वहिनींचे किती ब्लाउज होतात याचा हिशेब त्यांनी आम्हाला बोटांवर करून दाखवला.

म्हणून मैत्रिणींनो, शोधल्यावर जे सगळ्यात वर येतं ते पुष्कळदा जाहिरात असते. पत्ता वाचायला शिका. आपल्या सरकारच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. व्हिएतनाम सरकारच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं. त्यांच्या ई-व्हिसाचा पत्ता 'ईव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असा आहे. मधे आडवी रेघ, शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑर्ग' दिसलं की थांबा. आणि पैसे फसवून काढून घेतले आहेत असं कळलं तर लाजू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी सरकारनं दिलेला हा नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

बाकीच्या सहाजणींचे अर्ज मग गटाच्या बैठकीत, सगळ्यांच्या समोर भरायचं ठरलं. काय काय लागलं ते सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ फोटो. चारही कोपरे दिसले पाहिजेत, खालच्या दोन ओळी दिसल्या पाहिजेत, फ्लॅशची चमक नको. आम्ही उंबऱ्यात, उजेडाला तोंड करून काढला. पासपोर्ट अजून किमान सहा महिने चालणारा हवा.

दुसरं, आपला फोटो. पांढरी भिंत मागे, चेहरा समोर, चष्मा काढलेला, डोक्यावरचा पदर खाली. टिकली काढायची का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आमच्या फोटोत टिकल्या होत्या, काही अडचण आली नाही.

तिसरं, ई-मेल. इथे हट्ट धरा. बऱ्याच बायकांचा ई-मेल नसतो, मग दुकानवाला म्हणतो, माझा टाकतो. टाकू देऊ नका. अर्ज भरल्यावर एक नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक, ई-मेल आणि जन्मतारीख या तीन गोष्टींवर व्हिसा उघडतो. ई-मेल दुसऱ्याचा, तर किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. आम्ही सहाजणींचे सहा ई-मेल उघडले आणि पासवर्ड ज्याच्या त्याच्या वहीत लिहिले.

चौथं, प्रवासाची माहिती. कोणत्या तारखेला पोचणार, कोणत्या विमानतळावर उतरणार, कुठून परत निघणार, राहणार कुठे. व्हिसा ज्या तारखेपासून मागितला त्याच्या एक दिवस आधीही आत घेत नाहीत. म्हणून तिकिटाची तारीख आणि वेळ नीट बघायची. रात्रीच्या विमानानं निघालं की तारीख बदलते, आणि त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. आम्ही मुंबईहून ७ मेच्या रात्री निघणार होतो, म्हणजे पोचणार ८ तारखेला. व्हिसावर ८ मे टाकली.

धर्म, व्यवसाय, संकटात कुणाला कळवायचं, असेही रकाने असतात. व्यवसायाच्या रकान्यात आमच्या दोघीतिघी म्हणाल्या, "गृहिणी लिही." आम्ही विचारलं, "दूध कोण घालतं? मशीन कोण चालवतं?" मग जे करतो तेच लिहिलं.

पाचवं, फी. यासाठी असं कार्ड लागतं की ज्यावर परदेशी व्यवहार सुरू आहे. आपल्या कार्डांवर तो बहुतेक वेळा बंद असतो. बँकेच्या ॲपवर किंवा शाखेत जाऊन तो सुरू करायचा, फी भरायची, आणि लगेच परत बंद करायचा. कार्डावर 'व्हिसा' किंवा 'मास्टरकार्ड' लिहिलेलं असलं की काम होतं. यावरून एक गंमत झाली. आमच्या दूधवाल्या काकींनी आपलं एटीएम कार्ड दाखवून विचारलं, "ह्यावर तर व्हिसा आधीच लिहिलाय, मग दुसरा कशाला काढायचा?" कार्डाचा व्हिसा ही पैशांची कंपनी. प्रवासाचा व्हिसा वेगळा. सगळ्या पोटभर हसल्या, पण खरं सांगायचं तर ही शंका आणखी दोघींना होती, त्यांनी फक्त विचारलं नव्हतं.

एक लक्षात ठेवा. ही फी परत मिळत नाही. अर्ज नाकारला तरी नाही, आपली चूक झाली तरी नाही.

८ एप्रिलला अर्ज गेले. सरकारी मुदत कामाच्या तीन दिवसांची आहे, पण जास्तही लागतात. आठवड्याभरात सहाही अर्जांसमोर 'मंजूर' आलं. आम्ही पेढे वाटले. इथेच चुकलो.

२६ एप्रिलला कागद छापायला बसलो. पहिल्यांदाच प्रत्येकीचा व्हिसा पूर्ण उघडून पासपोर्टशेजारी ठेवला. आक्कांच्या पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. व्हिसावर १ जानेवारी.

कसं झालं? गावातल्या निम्म्या बायकांची जन्मतारीख १ जून असते, हे तुम्हाला माहीतच आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली. आक्कांचीही तीच, आणि पासपोर्टवर तीच आली. पण गट सुरू झाला तेव्हा आम्ही जे रजिस्टर केलं, त्यात आक्कांचं नुसतं वय विचारलं होतं. वयावरून साल काढलं आणि तारीख म्हणून १ जानेवारी टाकून दिली. तेव्हा काही बिघडलं नाही. अर्ज भरताना बाकीच्या पाचजणींची माहिती आम्ही पासपोर्टवरून घेतली. आक्कांची पाळी आली तेव्हा त्यांचा पासपोर्ट फोटो काढायला बाहेर उंबऱ्यात होता, म्हणून समोरच्या रजिस्टरवरून तारीख भरली. दोन मिनिटं थांबलो असतो तर हे झालं नसतं.

विमान ७ मेला. मंजूर झालेल्या व्हिसावर खाडाखोड होत नाही. नवा अर्ज, नवी फी. आणि मधे ३० एप्रिल आणि १ मे. ३० एप्रिल हा त्यांच्या देशाचा मोठा राष्ट्रीय दिवस आणि १ मे कामगार दिन. दोन्ही दिवस तिथली कचेरी बंद. कामाचे दिवस मोजले तर बोटांवर मावत होते.

त्याच रात्री नवा अर्ज भरला. या वेळी एकीनं पासपोर्ट मोठ्यानं वाचला, दुसरीनं भरलं, तिसरीनं भरलेलं परत वाचून दाखवलं. आक्का शेजारी बसल्या होत्या. आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी तारीख एकदा मास्तरांनी लिहिली, एकदा तुम्ही लिहिली. मला कुणी विचारलंच न्हाई." रागानं नाही म्हणाल्या, पण आमच्या माना खाली गेल्या. मग म्हणाल्या, "न्हाई आला तर तुम्ही जा. माझी तिकिटं वाया गेली तर गेली. मला फोटो दाखवा."

दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. दोन ठराव झाले. एक, दुसऱ्या अर्जाची फी आक्कांनी भरायची नाही. रजिस्टर गटाचं, चूक गटाची, तेव्हा फी सगळ्या मिळून. दोन, आक्कांचा व्हिसा आला नाही तर एकजण त्यांच्याबरोबर मागे राहील. कोण राहील ते विचारायच्या आधी तीन हात वर झाले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळी उठलं की चहाच्या आधी नोंदणी क्रमांक टाकून बघायचं. प्रक्रिया सुरू आहे, एवढंच यायचं. ५ मेला दुपारी शाळेच्या मागच्या वाटेवर, जिथे रेंज येते तिथे उभं राहून पाहिलं, तर 'मंजूर'. या वेळी आम्ही पेढे आणले नाहीत. आधी उघडला. नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, एकेक अक्षर वाचलं. आक्कांना चष्मा लावायला दिला आणि त्यांनाच आकडे वाचायला लावले. त्यांनी १ जून असं दोनदा वाचलं.

मुंबईच्या विमानतळावर खिडकीवरच्या मुलीनं पहिला प्रश्न तोच विचारला, "व्हिसाचा कागद?" प्रत्येकीकडे दोन छापील प्रती होत्या, एक पर्समध्ये, एक सामानात. मोबाइलवर होताच, पण मोबाइल बंद पडतो, कागद पडत नाही. हनोईला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं कागद पाहिला, आक्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. चार दिवसांनी मी सनच्या विटांच्या देवळासमोर आक्का हात जोडून उभ्या राहिल्या. आम्ही फोटो काढला, पण त्यांना नंतर दाखवायची गरज राहिली नव्हती.

मैत्रिणींनो, आता थोडक्यात उजळणी. प्रवासाच्या निदान एक महिना आधी अर्ज करा, आणि त्या देशाच्या सुट्ट्या बघून करा. व्हिएतनामला त्यांच्या नव्या वर्षाच्या सणात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या 'तेत'ला, कचेऱ्या कितीतरी दिवस बंद असतात. पत्त्याच्या शेवटी सरकारी खूण बघा. प्रत्येक अक्षर पासपोर्टवरून घ्या, आठवणीतून नाही, आधारवरून नाही आणि गटाच्या रजिस्टरवरून तर नाहीच. ई-मेल आपला ठेवा. 'मंजूर' दिसल्यावर त्याच दिवशी उघडून वाचा.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही. थायलंडला जाणाऱ्यांना १ मे २०२५ पासून आधी एक ऑनलाइन कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे, तरी त्याचेही पैसे घेणारी पानं निघाली आहेत. आणि कुणाची सून किंवा जावई परदेशी पासपोर्टचा असेल, तर त्यांनाही आपल्याकडे यायला बहुतेक वेळा भारताचा व्हिसा लागतो, आणि तो पुष्कळांना ई-व्हिसा म्हणून मिळतो. त्यांनाही हेच सांगा : शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते बघून अर्ज भरा.

आम्ही परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? गटाचं रजिस्टर काढलं. एकेकीला समोर बसवून नाव आणि तारीख विचारली, कागदाशी ताडून पाहिली आणि दुरुस्त केली. अकराजणींत चारजणींचं काही ना काही चुकलेलं निघालं. तुमच्या गटाचं रजिस्टरही या आठवड्यात काढा. परदेशी जायचं असो वा नसो, आपलं नाव आणि आपली तारीख कुठे काय लिहिली आहे, ते आपण स्वतः वाचलेलं बरं.

नमस्कार.